आईच्या विगचा रंग घरी बदलला, त्याच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

मी सातपूरला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मशीन बंद पडलं की रजिस्टरला वेळ, कारण आणि काय केलं ते लिहायची सवय, म्हणून याचंपण लिहून ठेवतोय. केस रंगवायचा माझा अनुभव शून्य, स्वतःचेच निम्मे गेलेत.

आईची केमो नोव्हेंबरअखेर सुरू झाली, दर २१ दिवसांनी एक. पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांनी उशीवर, जेवणात, सगळीकडे केस दिसायला लागले तेव्हा तिनेच बायकोला सांगून वेणी कापून घेतली. विग मुंबईहून आणला, खऱ्या केसांचा, १६ इंच, १३,५०० रुपये. मागच्या बाजूला मशीनवर शिवलेल्या केसांच्या पट्ट्या, त्याला वेफ्ट म्हणतात, आणि वर भांगाच्या जागी बारीक जाळी, तिच्यावर केस हाताने गाठी मारून बसवलेले. दुकानदार म्हणाला नॅचरल ब्लॅक आहे, काही प्रोसेस केलेली नाही.

आईने घातला, आरशात बघितलं, आणि म्हणाली "हा नाटकातला टोप आहे." परत डब्यात ठेवून दिला. आणि खरंच तसंच दिसत होतं. आई वीसेक वर्षं दर महिन्याला मेंदी लावायची, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवून, तिचे केस काळे नव्हतेच कधी, तपकिरी आणि उन्हात तांब्यासारखे. हा विग म्हणजे बूटपॉलिश. शिवाय आजारपणात चेहरा फिका पडलेला, त्यावर तो काळा रंग आणखीनच अंगावर येतो.

सोसायटीतल्या हळदीकुंकवाला ४ फेब्रुवारीला, रथसप्तमीला, जायचंय तिला. दोन महिने ती खाली उतरलेली नाही हॉस्पिटल सोडून. म्हणजे माझ्याकडे चार रविवार.

पार्लरवाल्या ताईंना विचारलं, त्या ४,५०० म्हणाल्या आणि वर "विगची गॅरंटी नाही हं". गॅरंटी नसलेलं काम मी फुकटात करू शकतो.

६ जानेवारी

ऑफिसहून येताना दोन पाकिटं ब्राऊन हेअर कलर, १९० चं एक. सोपं वाटलं, काळ्यावर ब्राऊन लावला की ब्राऊन होईल. विग कळशीवर उपडा घालून (कळशीचा बूड डोक्यासारखा गोल असतो, वर प्लास्टिकची पिशवी चढवली) सगळीकडे लावला, पाकिटावर ३० मिनिटं लिहिलेली मी ४५ ठेवली, धुतला, वाळवला.

काहीच झालं नाही. शून्य. उलट थोडा जास्तच काळा दिसायला लागला असं बायको म्हणते.

वेळ तीन तास, पैसे ३८०, दोन्ही पाण्यात.

७ जानेवारी

ताईंना परत फोन. हसल्या. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य इथे लिहितो, कारण ते मला आधी कळलं असतं तर पुढचं अर्धं रजिस्टर लिहावंच लागलं नसतं: रंगाने रंग निघत नाही. आपल्या डोक्यावरच्या कोऱ्या केसांना डाय थोडंफार उजळ करतो, पण ज्या केसांना आधीच डाय मारलाय त्यांच्यावर नुसता थर चढतो. गडद करायचं असेल तर घरी कोणीही करेल. फिकं करायचं तर आधी ब्लीच.

पण दुकानदार तर म्हणाला होता प्रोसेस केलेली नाही. म्हणून पांढरा रुमाल गरम पाण्यात भिजवून, शाम्पूचा थेंब टाकून, मागची एक बट जोरात चोळली. रुमालावर निळसर काळा डाग. म्हणजे रंगवलेलाच होता. (सोमवारी मी लावलेला ब्राऊन असेल म्हणाल तर डाग ब्राऊन पडला असता.)

अजून एक गोष्ट तपासली, एक केस उपटून काडीने जाळला. पीस जळल्यासारखा वास, राख बोटात चुरगळली. प्लॅस्टिकचा असता तर वितळून टोकाला टणक मणी झाला असता. तेवढं तरी दुकानदार खरं बोलला. सिंथेटिक निघाला असता तर इथेच काम बंद, त्यावर ना ब्लीच चालत ना केसांचा डाय.

९ जानेवारी

केमो क्रमांक तीन. काम नाही.

११ जानेवारी, शनिवार

आता शहाणा झालो. मानेजवळच्या सगळ्यात खालच्या पट्टीतून, जिथे कापलेलं दिसणार नाही तिथून, पेन्सिलीच्या शिसाएवढ्या जाडीच्या सहा बटा कापल्या, प्रत्येकीला दोरा बांधून नंबर दिला. हे काम ५ तारखेला करायला हवं होतं.

नमुना १: शाम्पूत व्हिटॅमिन सीच्या चोखायच्या गोळ्या कुटून, गरम पाण्यात, एक तास. कुठेतरी वाचलं होतं. फेस काळपट झाला, केस तसाच.

नमुना २: मेंदी, रात्रभर. सकाळी उन्हात डोळे बारीक करून बघितलं तर लाल झाक असल्याचा भास. भासच. मेंदी केस उजळवत नाही, असलेल्या रंगावर लाल चढवते, आणि काळ्यावर लाल चढवलं तर दिसणार काय.

नमुना ३: ब्लीच. इथे एक मोठा विनोद झाला. कॉर्नरच्या दुकानात जाऊन "ब्लीच द्या" म्हणलं, त्याने दिलं, ६० रुपये. घरी उघडल्यावर बायको म्हणाली अहो हे तोंडाला लावायचं ब्लीच आहे. आपल्याकडे दुकानात नुसतं ब्लीच मागितलं तर तेच मिळतं. मागताना "केसांची ब्लीच पावडर आणि वीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर" असं म्हणायचं, आणि ते कॉर्नरला मिळत नाही, पार्लरचं सामान विकणाऱ्या होलसेलवाल्याकडे मिळतं. मी मेनरोडला गेलो.

डेव्हलपर म्हणजे ब्लीच पावडर ज्यात कालवायची ते पेरॉक्साइड. त्याचे नंबर समजून घ्या, १० म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. दुकानातला पोरगा ४० देत होता, "फास्ट होतं साहेब". विगच्या केसाला खालून नवीन काही मिळत नाही, डोक्याचं तेल नाही, वाढ नाही, जळला की जळला. २० घेतला.

१२ जानेवारी, रविवार

या दिवसाबद्दल वाईट वाटतं.

सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर नमुना ३ साठी ब्लीच कालवलं. एक चमचा पावडर, दोन चमचे डेव्हलपर, जास्त काही नाही. पण अमोनियाचा वास घरभर गेला आणि आईची केमो तीन दिवसांपूर्वी झालेली, या दिवसांत तिला फोडणीचासुद्धा वास सहन होत नाही. आतल्या खोलीतून आवाज आला, मी पळालो तोवर ओकली होती. मी सगळं उचलून गच्चीवर नेलं, पंखे लावले, खिडक्या उघडल्या. ती नंतर म्हणाली "असू दे रे", पण तिने दुपारी जेवायला नकार दिला.

घरात केमोचं पेशंट असेल तर हे काम घरात करूच नका. गच्ची, मित्राची खोली, ऑफिसचं शेड, कुठेही, पण घरात नको.

नमुना ३ गच्चीवर, फॉइलमध्ये गुंडाळून. २० मिनिटांनी काळ्याचा लालसर तपकिरी झाला. ३५ ला नारिंगी. म्हणजे निघतोय.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. नमुना ३ आणि आईची कापलेली वेणी शेजारी ठेवून बघितली.

वेणीबद्दल लिहायला हवं, कारण सगळं काम तिच्याकडे बघून केलं. बायकोने ती वर्तमानपत्रात गुंडाळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती, दोन्ही टोकांना काळे रबर. मी आयुष्यभर त्या वेणीकडे बघत आलो पण असं जवळून कधी बघितलं नव्हतं. एक रंग नाहीच तिच्यात. डोक्याकडचं टोक जवळजवळ कॉफीच्या बीसारखं, मधे तपकिरी, शेवटचे चार-पाच इंच तांबूस, कारण तिथे वर्षानुवर्षांच्या मेंदीचे थर. आणि मधूनमधून एकेक केस एकदम केशरी, ते मूळचे पांढरे. सकाळच्या उन्हात धरली की सगळे रंग वेगवेगळे दिसतात आणि सावलीत धरली की नुसती ब्राऊन. पाकिटावरचा कोणताही नंबर याच्याशी जुळत नाही.

त्यामुळे ठरवलं, सगळा विग एकसारखा करायचाच नाही. मुळाशी गडद, खाली उजळ. यात माझी सोय पण होती, कारण वरच्या जाळीवरच्या गाठींपर्यंत ब्लीच गेलं की गाठी कमजोर होतात आणि केस गळतात, म्हणजे मुळाचा दीड-दोन इंच भाग तसाही सोडायचाच होता.

१८ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी ७

पहिलं खरं ब्लीच. आधी विग चांगला धुतला, दोनदा, कडक शाम्पूने, कारण नवीन विगच्या केसांवर चमक यावी म्हणून सिलिकॉनसारखा थर असतो, तो असेपर्यंत काही आत शिरत नाही. तो थर गेला आणि विगचं खरं रूप दिसलं, कोरडा, आणि पट्कन गुंता होणारा. घाबरू नका, हे होतंच, पण मोठ्या दातांचा कंगवा हाताशी ठेवा आणि खालच्या टोकापासून वर सोडवत या. मी वरून खाली ओढला आणि एका फटक्यात चाळीसेक केस कंगव्यात.

थर्माकोलचं डोकं आणलं, १८० रुपये, टाचण्यांनी विग त्यावर बसवला. कळशी ब्लीचसाठी नको, धातूचं कुठलंच भांडं नको, वाटीसुद्धा प्लॅस्टिकची. ६० ग्रॅम पावडर, १२० मिली डेव्हलपर, दह्याएवढं घट्ट. मानेकडून सुरुवात, बोटाएवढ्या बटा घेऊन, मधल्या भागापासून टोकापर्यंत ब्रशने लावून प्रत्येक बट फॉइलमध्ये.

४५ मिनिटं झाली, फॉइल उघडलं, काळा. थोडा चॉकलेटी म्हणता येईल, टॉर्च मारून. मला कळेना, नमुना तर ३५ मिनिटांत नारिंगी झाला होता.

कारण नंतर लक्षात आलं आणि ते इतकं साधं होतं की मेंटेनन्सवाल्या माणसाला लाज वाटावी. नमुना रविवारी दुपारी उन्हात केला होता. आज नाशिकची जानेवारीची संध्याकाळ, गच्चीवर वारा, माझी बोटं गारठलेली. ही रासायनिक क्रिया आहे, थंडीत हळू चालते. माणसाच्या डोक्यावर ब्लीच लावतात तेव्हा डोक्याची ऊब मिळते, थर्माकोलला कसली ऊब. पाकिटावरचे मिनिटं जिवंत डोक्यासाठी आहेत.

उरलेलं ब्लीच वाया जाऊ नये म्हणून झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून गॅलरीत ठेवलं. अर्ध्या तासाने टॉक असा आवाज, झाकण उडालं, दोरीवरच्या बायकोच्या नवीन ओढणीवर ठिपके. सकाळपर्यंत जांभळ्या ओढणीवर पिवळी रांगोळी. कालवलेल्या ब्लीचमधून गॅस निघत राहतो, ते बंद डब्यात ठेवायचं नसतं, टाकून द्यायचं असतं. ओढणीची किंमत मी खर्चात धरलेली नाही, बायकोने धरली आहे.

१९ जानेवारी, रविवार, दुपारी १२

दुसरा राउंड, तेच माप, उन्हात. कालचा अनुभव डोक्यात, म्हणून म्हणलं ४० मिनिटं तर लागतीलच, आणि खाली चहाला गेलो. चहा, मग मित्राचा फोन. वर आलो तोवर ३० मिनिटं झालेली. फॉइलला हात लावला तर गरम. ऊन अधिक फॉइल म्हणजे भट्टीच. उघडलं तर मधला भाग सुंदर विटकरी तपकिरी, अगदी हवा तसा, पण खालचे पाच इंच भडक पिवळट नारिंगी, नागपुरी संत्र्याची साल. टोकं बोटात रबरासारखी ताणली जायला लागली होती. लगेच धुतलं. नुसत्या पाण्याने भागत नाही, शाम्पू लावून, पट्ट्यांच्या शिवणीत बोटं घालून, तिथे पावडर अडकते आणि आतल्या आत काम करत राहते.

थंडीत ४५ मिनिटांत काही नाही आणि उन्हात ३० मिनिटांत जास्त. घड्याळ फेकून द्या आणि दर पाच मिनिटांनी एक फॉइल उघडून बघा. मी इन्स्पेक्शन सोडून चहाला गेलो, कंपनीत कोणी असं केलं असतं तर मीच मेमो दिला असता.

टोकाचा एक इंच कापला. विग आता १५ इंच.

२० ते २४ जानेवारी

रोज रात्री कंडिशनर लावून अर्धा तास ठेवून धुणं. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तासच, त्यामुळे दोन बादल्या विगसाठी वेगळ्या भरून ठेवाव्या लागल्या. आई म्हणाली खोबरेल लाव. विगला तेल नको, जाळी आणि टोपी तेलकट होते, घसरते, पण हे तिला पटलं नाही.

आईने या आठवड्यात पहिल्यांदा विग हातात घेऊन नीट बघितला. म्हणाली "आमच्या लहानपणी गंगावन असायची, वेणीत गुंफायचे उसने केस, ती पण माझ्या आत्याची अशी दोन रंगांची झाली होती." मग टोक बघून तोंड वाकडं केलं.

२५ जानेवारी, शनिवार

संत्र्याला तपकिरी करायचं. मी अभ्यास केला होता की नारिंगीला मारायचं तर निळसर झाक असलेला रंग, म्हणजे ऍश ब्राऊन. ट्यूब २१० आणि १० व्हॉल्यूमचा डेव्हलपर १२०, नुसता रंग बसवायला १० पुरतो. नमुना घेतला का? घेतला, पण नमुना ३ वर घेतला, जो नारिंगी होता. त्यावर मस्त ब्राऊन आला. त्याच भरवशावर सगळ्या विगला लावला.

मधला भाग छान. टोकं शेवाळी. हो, हिरवी. विहिरीच्या कठड्यावर असतं तसं शेवाळ.

कारण टोकं नारिंगी नव्हतीच, पिवळ्याकडे झुकलेली होती, आणि पिवळ्यावर निळसर पडलं की हिरवं, हे तर पोरांना शाळेत चित्रकलेत शिकवतात. नमुना त्याच भागाचा हवा ज्या भागाला रंग लावायचाय, शेजारच्या भागाचा नाही. ही चूक मी माहिती असून केली म्हणून सगळ्यात जास्त खटकते.

दहा दिवस उरले, त्यात ३० तारखेला परत केमो, म्हणजे खरे चारच. मी ताईंकडे जायची तयारी केली होती. विग टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर निघालो तर आई हॉलमध्ये, म्हणाली दाखव. दाखवला. बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मेंदी लावली नाहीस अजून?"

मी म्हणलं अगं नमुना २ ला मेंदीने काही झालं नाही. तर म्हणे "तेव्हा काळा होता ना रे तो. आता फिका केलायस, आता धरेल."

आणि ती बरोबर होती. शिवाय हिरव्याला मारायला लाल लागतं आणि मेंदी म्हणजे लालच. मी इतके दिवस ट्यूबा वाचत होतो आणि उत्तर कपाटात वरच्या फळीवर.

रात्री कढई काढली, आईने बसल्या बसल्या सांगितलं तसं: साधी मेंदी, नुसत्या पानांची पावडर, १०० ग्रॅम, ७० रुपये. चहापत्ती उकळून गाळलेलं पाणी, कोमट. इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट. झाकून रात्रभर. "काळी मेंदी" म्हणून जी पाकिटं मिळतात ती अजिबात नको, त्यात डाय असतो, कधी धातूचे क्षार पण असतात आणि तसल्या केसांवर नंतर ब्लीच लागलं तर केस तापून जळतात. आणि उलटंही लक्षात ठेवा, लोखंडी कढईतली मेंदी लावल्यावर परत ब्लीचकडे जायचं नाही. ब्लीचचं जे काय असेल ते आधी उरकून घ्या.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी खाली झेंडावंदन, आईने गॅलरीतून बघितलं, स्कार्फ बांधून.

नमुना ४, शेवाळी टोकातून घेतलेला, सकाळी सातलाच मेंदीत घालून ठेवला होता. दहाला धुतला. तपकिरी, लालसर. हिरवा गेला.

मी ब्रश घेऊन सुरू करणार तर आई म्हणाली "थांब. कानशिलाजवळ माझे पांढरे होते." वेणी मागवली, केशरी केस दाखवले. तिला ते हवे होते. मी म्हणलं आई, मेंदी लावलेले पांढरे केस लपवायला बायका पैसे देतात. ती म्हणाली ज्यांना लपवायचेत त्यांनी लपवावे.

म्हणून गच्चीवर जाऊन दोन्ही कानशिलांजवळ जुन्या टूथब्रशने अगदी पातळ सात-आठ बटा, एकेका बटेत मोजून दहा-बारा केस, पुन्हा ब्लीच केल्या. यावेळी हललो नाही. पाच-पाच मिनिटांनी बघत, पंचविसाव्या मिनिटाला फिकट पिवळ्या झाल्यावर धुतल्या.

दुपारी अडीच. मी मेंदी लावायला बसलो, बोटाएवढी बट, ब्रश, फॉइल, सगळं शिस्तीत. आई बघत होती. तिसऱ्या बटेला म्हणाली "दे इकडे, ऑइलपेंट मारतोयस का." केमोमुळे तिची नखं काळवंडलेली आणि दुखरी आहेत, मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले हातमोजे घालून चालेल, दमल्या तर थांबवा. मग तिने घेतलं. ब्रश बाजूला ठेवला. मूठभर मेंदी घ्यायची, बटेवर थापायची, दोन तळव्यांत धरून वरून खाली दाबत न्यायची, मग बट गोल गुंडाळून डोक्यावर चिकटवायची, दुसरी तिच्यावर. थर्माकोलच्या डोक्यावर चाळीस मिनिटांत हिरवं वारूळ तयार. मी तासाभराचं काम धरलं होतं. मधे दोनदा थांबली, पाणी प्यायली. थर्माकोलच्या कपाळावर गळलेली मेंदी तिने कापसाने पुसली, सवयीने. वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि तीन तास.

धुणं मात्र माझ्याकडे, आणि ते या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात वैतागवाणं काम. मेंदीची कणी पट्ट्यांच्या शिवणीत आणि जाळीत जाऊन बसते. नळाखाली धरून काही होत नाही. शेवटी बादलीत पाणी घेऊन विग उपडा धरून हळू हळू हिसळायचा, पाणी बदलायचं, असं नऊ वेळा, आणि मग भरपूर कंडिशनर लावून परत, कंडिशनरमुळे कणी घसरून येते. दीड तास. मेंदी आधी कपड्यातून चाळून घेतली असती तर निम्मा वेळ वाचला असता, हे आईने नंतर सांगितलं, आणि मी विचारलं आधी का नाही सांगितलंस तर म्हणे तू विचारलंस कुठे.

रात्री वाळल्यावर माझी धडधड वाढली. टोकं गाजरासारखी. बायको काही बोलली नाही, म्हणजे तिलाही तसंच वाटलं. आई म्हणाली दोन दिवस थांब, मेंदी चढते.

२८ जानेवारी

चढली. हवेत राहून मेंदी गडद होते, गाजराचं तांबं झालं. मुळाशी कॉफी, मधे तपकिरी, खाली तांबूस, कानशिलाला आठ केशरी रेघा. वेणी शेजारी धरली. उन्हात वेणी जरा जास्त मऊ चमकते, विग थोडा कोरडा. सावलीत मला फरक सांगता येत नाही.

खर्च असा झाला: वाया गेलेली पाकिटं ३८०, तोंडाचं ब्लीच ६०, खरं ब्लीच आणि डेव्हलपर ५४०, हातमोजे, ब्रश, फॉइल १७०, डोकं १८०, शाम्पू कंडिशनर ४२०, ऍश ब्राऊनची भानगड ३३०, मेंदी ७०. एकूण २,१५०. यातलं खरं लागलेलं १,३८०. वेळ साधारण तीस तास, त्यातले निम्मे चुका निस्तरण्यात.

३० जानेवारी

केमो चार. काम नाही, काम उरलंही नाही.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

आई खाली गेली. आत सुती टोपी घातली होती कारण विगची जाळी टोचते. पाऊण तास बसली, दमली, वाण घेऊन वर आली. मी विचारलं कोणी काही बोललं का केसांबद्दल. म्हणाली कोणीच काही बोललं नाही. आणि खुश होती.

१६ फेब्रुवारी

दोन धुण्यांनंतरची स्थिती. रंग टिकलाय, टोकाचा तांबूसपणा किंचित उतरला. गळतीचं म्हणाल तर दर विंचरण्याला पाच-सहा केस, जास्त करून ज्या शिवणीत ब्लीचची पावडर राहिली होती तिथले, त्या जागी आतून शिवणीवर कपड्याच्या गोंदाचा पातळ हात फिरवला, आता दोन-तीन. गुंता मानेजवळ होतो, तिथे झोपण्याआधी, म्हणजे विग काढून ठेवण्याआधी, सैल वेणी घालायची. सुकवताना सावलीत, उपड्या पातेल्यावर. ड्रायर नाही.

अर्धी भिजवलेली मेंदी उरली होती, ती फ्रीजरमध्ये टाकलीय, तशी महिनोन्महिने टिकते, पुढच्या वेळी फक्त टोकांना. बायकोला भीती की कोणीतरी पुदिन्याची चटणी समजून इडलीसोबत काढेल, म्हणून आईने डब्यावर चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय: माझे केस.